अक्षतांचा बिटरेट

लग्नाच्या व्हिडिओत एन्कोडरला, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरला, सगळ्यात जड जाणारा क्षण कोणता, हे मी फुटेज न बघताही सांगू शकते. शेवटचं मंगलाष्टक संपतं, अंतरपाट बाजूला होतो, वाजंत्री कडाडते आणि चारी बाजूंनी अक्षता पडायला लागतात. नेमके त्याच सेकंदाला फोटोग्राफरांचे फ्लॅश उडतात, मागच्या रांगेतली मंडळी पुढे सरकतात, कुणाचा तरी फोन धरलेला हात कॅमेऱ्यासमोर येतो. एक्सपोर्ट झालेल्या फाइलचा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला किती माहिती लिहिली तो आकडा, आलेखावर काढून बघितला, तर तोवर खाली खाली चाललेली रेघ इथे एकदम उसळते.

त्याआधीची पाच-सात मिनिटं एन्कोडरला सोपी गेलेली असतात. कॅमेरा स्टँडवर स्थिर, फ्रेमच्या मधोमध पांढरं कापड, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक, दोन्ही बाजूंना मामा. भटजींचे ओठ हलतात, मुंडावळ्या जराशा हलतात, बाकी सगळं जिथल्या तिथे. आधीच्या फ्रेममधला तुकडा होता तसाच उचलून पुढच्या फ्रेममध्ये ठेवायचा आणि जेवढं बदललं तेवढंच नव्याने लिहायचं, ही एन्कोडरची रीत. अंतरपाटात बदलतच काही नाही. अक्षतांचं उलट. तांदळाचा एकेक दाणा दोन-तीन पिक्सेलचा, प्रत्येकाची दिशा वेगळी, आणि आधीच्या फ्रेममध्ये तो जिथे होता तिथून एवढा लांब गेलेला की शोधून सापडत नाही. त्यात फ्लॅश उडाला की एका फ्रेमपुरता सगळ्या चित्राचा उजेडच बदलतो. मग जुन्या फ्रेममधून उचलण्यासारखं काही उरत नाही, सगळं नव्याने लिहावं लागतं.

लिहायला जागा किती असते, तेही सांगते. १९२० गुणिले १०८० पिक्सेलची एक फ्रेम, ८ बिट रंगात, रंगाच्या नोंदी नेहमीप्रमाणे कमी धरून (ते पुढे येतंच), पण एरवी अजिबात न दाबता ठेवली तर साधारण ३१ लाख बाइट लागतात. एका बाइटचे आठ बिट, सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर ६२२ मेगाबिट होतात. एका मिनिटात ४.७ जीबी, म्हणजे एक अख्खी डीव्हीडी भरली. आपण घरच्यांच्या हातात जी फाइल देतो ती असते सेकंदाला ८ किंवा १० मेगाबिटची. साठ ते ऐंशी भागांतला एक भाग ठेवायचा, बाकीचा टाकायचा, आणि तरी बघणाऱ्याला काही गेलंय असं वाटू द्यायचं नाही. मी हे काम रोज करते, तरी मला याचं नवल वाटायचं थांबलेलं नाही.

या नवलामागे ज्यांचं डोकं आहे त्यातला एक माणूस बंगळूरचा आहे, हे आमच्या धंद्यातल्या फार थोड्या लोकांना माहीत असतं. नासिर अहमद. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत १९७४ मध्ये त्यांनी ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ मांडला. त्याआधी १९७२ मध्ये त्यांनी या कल्पनेवर काम करायला अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधी मागितला होता. तो मिळाला नाही, तरी त्यांनी काम सोडलं नाही. जेपेग फोटो, व्हीसीडी, डीव्हीडी, आजचा एच.२६४ (व्हिडिओ दाबायची सध्याची सर्रास पद्धत) हे सगळे त्याच वाटेने आले. चित्राचे छोटे चौकोन करायचे, प्रत्येक चौकोनातला ठळक बदल एकीकडे आणि बारीक बदल दुसरीकडे काढायचा, आणि जागा कमी पडली की आधी बारीक बदल टाकायचा. डोळ्याला ठळक बदल लगेच दिसतो, बारीक गेलेला सहसा कळत नाही. सहसा. पण लग्नात बारीक म्हणजे काय, तर पैठणीची जर, हातावरची मेंदी, आणि अक्षता. बिट कमी पडले की सगळ्यात आधी जातं ते हेच.

शालूच्या लाल रंगाचं दुखणं वेगळं. उजेड डोळ्याला बारकाईने कळतो, रंग तेवढा कळत नाही, म्हणून बहुतेक सगळ्या व्हिडिओंत दर चार पिक्सेलमागे रंगाची एकच नोंद ठेवतात. हिरव्या बागेत, निळ्या आभाळात हे लक्षातही येत नाही. लालभडक शालूचा काठ गडद पडद्यासमोर आला की मात्र कडेला लाल फराटा ओढल्यासारखा दिसतो. तिथे बिटरेट वाढवूनही तो पूर्ण जात नाही. ४के मध्ये, म्हणजे रुंदी-उंचीला दुप्पट पिक्सेल घेऊन, शूट करून ती फाइल १०८० च्या टीव्हीवर बघितली तर काठ स्वच्छ दिसतो, कारण रंगाच्या नोंदी आता पिक्सेलला पुरून उरतात. ४के चा हा खरा फायदा आहे आणि तो मला मान्य आहे. पण पाहुण्यांना सांगायला म्हणून ४के घ्यायचं आणि फाइल लहान हवी म्हणून त्याला बिट १०८० एवढेच द्यायचे, हे मी करत नाही. उपाशी ४के पेक्षा पोटभर १०८० कधीही चांगला दिसतो, आणि हे मी प्रत्येक घरी टीव्हीवर दाखवून पटवून देते.

२००० च्या आसपास गावोगावच्या स्टुडिओंतून लग्नाच्या कॅसेटच्या जागी व्हीसीडी आली. एडिटिंगला तेव्हा सगळे ‘मिक्सिंग’ म्हणत, अजूनही जुनी मंडळी तेच म्हणतात. व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८ पिक्सेलचं आणि बिटरेट सेकंदाला ११५० किलोबिट, ठरलेला. १९९३ च्या नियमावलीत तो आकडा बांधून दिलेला होता. अंतरपाट असो की अक्षता, दोघांना सारखाच वाटा. म्हणजे निवांत पाच मिनिटांत बिट अक्षरशः वाया जायचे आणि ज्या दहा सेकंदांसाठी घरातली माणसं तो भाग पुन्हा पुन्हा लावत, तिथे चित्राचे चौकोन फुटायचे. नवरी-नवऱ्याचे चेहरे त्या चौकोनांत हरवलेले मी कितीतरी सीड्यांत पाहिलेत. शूटिंगवाल्याचा त्यात काही दोष नव्हता. मूळ टेपवर ते सगळं स्वच्छ होतं.

आता बिटरेट बदलता ठेवता येतो आणि एन्कोडरला दोन फेऱ्या मारायला सांगता येतं. पहिल्या फेरीत तो नुसता बघतो, कुठे सोपं आहे आणि कुठे अवघड. दुसऱ्या फेरीत लिहितो. अंतरपाटाने वाचवलेलं अक्षतांच्या वाट्याला जातं. वेळ जवळजवळ दुप्पट लागतो, रात्री मशीन चालू ठेवावं लागतं, पण लग्नाच्या फाइलला मी एकाच फेरीत कधी उरकत नाही. आता ग्राफिक्स कार्डच्या जोरावर तीन तासांचं लग्न फार पटकन निघतं हे खरं. सेकंदाला ४० मेगाबिट देणार असाल तर खुशाल तसं काढा. पण १० मेगाबिटमध्ये बसवायचं असेल तर प्रोसेसरवर सावकाश काढलेली फाइल अक्षतांच्या वेळी उजवी ठरते, हे दोन्ही फाइल शेजारी लावून त्याच फ्रेमवर थांबून बघा.

एक्सपोर्टची चौकट उघडण्याआधी मी घरच्यांना एक प्रश्न विचारते. कुठं बघणार? बहुतेक वेळा उत्तर येतं, “बघू हो कुठंही, क्लिअर आली पाहिजे.” मग मी खोदून विचारते. टीव्ही कोणता, किती जुना, पेनड्राइव्ह मागे लागतो का, मुलगा परदेशात आहे का, गावाकडे नेट कसं आहे. कऱ्हाडजवळच्या एका घरी नवरीचे आजोबा हे सगळं ऐकत बसले होते. शेवटी म्हणाले, “पोरी, ते सगळं राहू दे. हे आमच्या टीव्हीवर लागंल नव्हं?” मला हवा होता तो प्रश्न हाच. सेटिंगचा सगळा खटाटोप तेवढ्यासाठीच असतो.

आजोबांच्या टीव्हीला काय काय चालत नाही, ते पाठ असावं लागतं. एच.२६४ च्या पुढची पद्धत एच.२६५. तो तेवढ्याच दर्जाला साधारण निम्मी जागा घेतो, पण तो मानक म्हणून आला २०१३ मध्ये, आणि त्याआधीच्या टीव्हीला तो कळणार कसा? आवाज येतो, चित्र काळं. म्हणून टीव्हीसाठी एच.२६४, हाय प्रोफाइल, लेव्हल ४.१. लेव्हल म्हणजे फाइल उलगडताना टीव्हीवर किती भार पडेल त्याची पायरी. ८ बिटच ठेवायचं, कारण १० बिटचा एच.२६४ बहुतेक टीव्हींना झेपत नाही. फ्रेम रेट २५. काही जण ५० फ्रेमवर शूट करतात आणि तसंच एक्सपोर्ट करतात. १०८० मध्ये ५० फ्रेमला लेव्हल ४.२ लागते आणि जुना टीव्ही तिथे अडकत अडकत चालतो. सरासरी बिटरेट १० मेगाबिट आणि कमाल १८ वर बांधलेली. ही कमाल बांधणं फार महत्त्वाचं. अक्षतांना मोकळं रान दिलं तर त्या चाळीसवर जातात, टीव्हीतली छोटी चिप तेवढं वेळेत उलगडू शकत नाही, आणि ज्या क्षणासाठी सगळं केलं त्याच क्षणी चित्र थिजतं. व्हीसीडीत तो क्षण फुटायचा, इथे अडकतो.

मग पेनड्राइव्ह. जुने टीव्ही बहुधा फॅट३२ ही पेनड्राइव्ह फॉरमॅट करायची जुनी पद्धतच वाचतात, आणि फॅट३२ मध्ये एका फाइलला ४ जीबीच्या पुढे जाता येत नाही. १० मेगाबिटला ४ जीबी म्हणजे साधारण ५५ मिनिटं. तीन तासांचं लग्न तोडावंच लागतं. काही सॉफ्टवेअर फाइल आपोआप तोडून देतात, बरोबर ४ जीबीला, मग तिथे काहीही चालू असो. मला ते बघवत नाही. हळद, सीमांत पूजन, लग्न, वरात, असे विधींप्रमाणे भाग पाडले तर प्रत्येक भाग मर्यादेत बसतो आणि बघणाऱ्यालाही हवा तो भाग लगेच सापडतो. मंगलाष्टकांच्या मधे फाइल तोडायची नाही, हा माझा कडक नियम आहे. फाइलची नावं रोमन अक्षरांत आणि आकड्यांनी सुरू होणारी ठेवते, कारण काही टीव्हींवर देवनागरी नावाच्या जागी नुसते चौकोन उमटतात. जुन्या टीव्हींना चित्राच्या कडा थोड्या कापून दाखवायची सवय असते, तेव्हा खाली लिहिलेली नावं आणि तारीख कडेपासून बरीच आत घ्यायची. आजी-आजोबांचं नाव अर्धं कापलेलं दिसावं, याच्याइतकं वाईट दुसरं काही नाही.

फोनचं गणित निराळं. फोनचा पडदा लहान, चिप दणकट, एच.२६५ ला काही अडचण नाही. पण फोनवर लग्न पोचतं ते व्हॉट्सअ‍ॅपमधून, आणि साधा व्हिडिओ म्हणून पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो स्वतः पुन्हा दाबतं. आधीच दाबलेली फाइल आणखी दाबली की पहिल्या खेपेचे डागसुद्धा तपशील म्हणून जपले जातात आणि खरा तपशील जातो. म्हणून नातेवाइकांच्या ग्रुपसाठी मी वेगळी छोटी फाइल करते. दीड मिनिटाची, ७२० पिक्सेल उंचीची, सेकंदाला १२०० किलोबिटची, सगळी मिळून १५ एमबीच्या आत. एवढ्या कमी बिटांत अक्षतांचा पूर्ण शॉट मी घेतच नाही. अंतरपाट सरकतानाचा नवरीचा चेहरा जवळून घेते, दोन-चार दाणे पडताना दिसतात, तेवढं पुरतं. काय दाखवायचं हे अशा वेळी बिटरेट ठरवतो आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही. फाइलची अनुक्रमणिका सुरुवातीला आणणारी खूण, हँडब्रेक या एन्कोडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’ नावाची, तीही न विसरता करायची. नाहीतर ऑनलाइन ठेवलेली फाइल पूर्ण उतरल्याशिवाय सुरूच होत नाही आणि गावाकडच्या नेटवर माणूस वाट बघून फोन ठेवून देतो. पूर्ण लग्न फोनवर हवं असेल तर ते डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं, तिथे ते दाबलं जात नाही आणि २ जीबीपर्यंतची फाइल जाते.

रिसेप्शनच्या एलईडी वॉलबद्दलचा गैरसमज मला फार ठिकाणी भेटतो. वॉल बारा फूट रुंद दिसते म्हणून तिच्यासाठी ४के फाइल मागतात. पी४ जातीच्या वॉलमध्ये दोन दिव्यांत ४ मिलिमीटरचं अंतर असतं. बारा बाय आठ फुटांत रुंदीला जेमतेम ९०० दिवे आणि उंचीला ६०० बसतात. आपल्या खिशातल्या फोनला याहून जास्त पिक्सेल असतात. तिथे ४के पाठवणं म्हणजे ऑपरेटरच्या लॅपटॉपला फुकट घाम. मी वॉलवाल्याला आधी फोन करून वॉलचे नेमके पिक्सेल विचारते, त्या मापाची फाइल करते आणि बिट भरपूर देते, कारण एवढ्या मोठ्या दिव्यांवर फुटलेला चौकोन शेवटच्या रांगेतूनही दिसतो. जांभळ्या रोषणाईत मागच्या पडद्यावर पट्टे-पट्टे उमटतात, त्याला एकच उपाय लागू पडतो. चित्रात अगदी हलकी रवाळ झाक मिसळायची. ८ बिटमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ च पायऱ्या, त्या पायऱ्या झाकल्या जातात.

परदेशातल्या मुलांसाठी पूर्वी खरोखरच वेगळी डीव्हीडी करावी लागायची. टीव्हीची आपल्याकडची पाल पद्धत, २५ फ्रेम. अमेरिकेत एनटीएससी, तीसच्या घरातली. भारतात रंगीत टीव्ही १९८२ च्या एशियाडच्या वर्षी आला तो पालच्या वाटेनेच. न्यू जर्सीतल्या मामाने लग्नाची डीव्हीडी हौसेने लावावी आणि प्लेअरने ती घेऊच नये, हे बऱ्याच घरांत झालेलं आहे. आता फाइलला तो अडसर नाही. २५ ची फाइल तिकडच्या टीव्हीवर, फोनवर चालते. कॅमेरा सावकाश फिरतो तिथे जरा अडखळल्यासारखं वाटतं, कारण ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या पडद्यावर २५ फ्रेम सारख्या वाटणीने बसत नाहीत. तरी ती ३० ची करून देऊ नका. मधल्या फ्रेम सॉफ्टवेअरने बनवल्या की अक्षतांना शेपट्या फुटतात, आणि नुसत्या दोनदा घेतल्या तर अडखळणं फाइलमध्ये कायमचं बसतं.

आवाजाबद्दल थोडक्यात. आवाजात बिट वाचवू नका. ३२० किलोबिटचा एएसी (आवाज दाबायची पद्धत) म्हणजे १० मेगाबिटमधला तीन टक्के भाग. तो ६४ वर आणून जागा काहीच वाचत नाही, आणि सनईचा वरचा सूर मात्र पाण्यातून आल्यासारखा होतो. ४८ किलोहर्ट्झ ठेवा, स्टीरिओ ठेवा. आणि एकदा फोनच्या स्पीकरवर ऐकून बघा. फोनवर संबळाचा घुमार जवळजवळ जातोच, आणि संगीताखाली ठेवलेला आईचा आवाज उरतो की नाही, हे हेडफोनवर कळत नाही.

हे सगळं करूनही एक फाइल कुठल्याच पडद्यासाठी नसते, ती मूळ फाइल. कमीत कमी दाबलेली, पन्नास-साठ मेगाबिटची किंवा त्याहून मोठी. ती हार्डडिस्कवर घरच्यांच्या स्वाधीन करते आणि दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवा म्हणून सांगते. पुढे कुठला टीव्ही येईल, कुठला फॉरमॅट येईल, त्याच्यासाठी नवी फाइल या मूळ फाइलमधून काढायची. पेनड्राइव्हवरच्या फाइलमधून पुन्हा काढायची नाही.

याची किंमत व्हीसीडीच्या काळातल्या घरांना मोजावी लागते आहे. टेपा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, उरली ती फक्त सीडी. गेल्या काही वर्षांत अशा सीड्या माझ्याकडे सारख्या येतात. मुलगा किंवा मुलगी म्हणते, “ताई, हे आत्ताच्या टीव्हीसाठी करून द्या, आमची आजी यात आहे.” आजी मांडवाच्या कडेला बसलेली, तिचा चेहरा जेमतेम पंधरा पिक्सेल रुंद. एआयने हे चित्र ४के करून देणारी साधनं आता हाताशी आहेत आणि ती मला वापरायला सांगितली जातात. भिंती, फुलं, मंडप ती खरंच छान करतात. पण पंधरा पिक्सेलमध्ये डोळ्यांचा जो तपशील नव्हताच, तो ती कुठून आणणार? दुसऱ्या हजारो चेहऱ्यांवरून बेतून ठेवतात. चित्र स्वच्छ होतं आणि त्यातली बाई त्यांची आजी राहत नाही. मी हे करून देत नाही, आणि का नाही ते शांतपणे समजावते. बहुतेकांना पटतं. एका मुलीने मूळ चित्र आणि एआयचं चित्र दोन्ही आईला दाखवली. आईने मूळ चित्रावर बोट ठेवलं.

करून देते ते एवढंच. सीडीवरच्या ‘एमपेगएव्ही’ फोल्डरमधली डॅट फाइल जशीच्या तशी उतरवते, एकही बिट न बदलता. ओरखडा असेल तिथे पुन्हा पुन्हा वाचायला लावते. त्यापासून टीव्हीसाठी ७६८ गुणिले ५७६ ची एच.२६४ प्रत काढते, साधी मोठी केलेली, बिट सढळ हाताने दिलेली, म्हणजे जुन्या चौकोनांवर नवे चौकोन चढणार नाहीत. सोबत चिठ्ठी असते: चित्र दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवून चौकोनीच दिसेल, ते तसंच बरोबर आहे. रिमोटवरून ‘फुल स्क्रीन’ करू नका, माणसं रुंद होतात.